अपघात, इजा आणि कर्ता : नाशिकमधील सुरक्षाविषयक शासकीय मराठीची चिकित्सा

१

सार्वजनिक आरोग्याचे कार्य शासन ज्याप्रमाणे दवाखाने, लसी आणि शुद्ध पाणी ह्यांच्या द्वारा करते, त्याचप्रमाणे ते भाषेच्या द्वाराही करीत असते. रोगाचे नाव काय ठेवावे, लोकांना काय करावयास सांगावे, आणि जबाबदारी कोणाकडे जाते हे वाक्यात कसे मांडावे, ह्या गोष्टी वरवर पाहता गौण वाटतात. परंतु आरोग्यकार्याची दिशा पुष्कळदा त्यांवरूनच ठरते. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रातील भिंतीभिंतींवर रंगविलेले 'देवीचा रोगी कळवा, १००० रुपये मिळवा' हे वाक्य ह्याचे उत्तम उदाहरण होय. त्यात कृती एकच आहे, ती कोणी करावयाची ते क्रियापदाच्या रूपातच आले आहे, आणि फळ रुपयांत सांगितले आहे. शिवाय ह्या वाक्यामागे एक यंत्रणा उभी होती. रोगी कळविला की पथक येई, भोवतालच्या लोकांना टोची आणि साथ तेथेच रोखी. वाक्याने नागरिकाकडे सोपविलेले काम लहान होते. मोठे काम शासनाने स्वतःकडे ठेवले होते. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला.

रोगाइतकेच, आणि तरुण वयात रोगापेक्षाही अधिक, जीव घेणारे दुसरे एक कारण आहे. ते म्हणजे इजा. रस्त्यावरील धडक, गर्दीतील दाब, भाजणे, बुडणे, उंचावरून पडणे हे सर्व प्रकार तिच्यात येतात. एकट्या २०२२ ह्या वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रशासनाचा वार्षिक अहवाल सांगतो. ह्या इजा टाळण्यासाठी शासन जी मराठी वापरते, तिचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी नाशिक हे क्षेत्र घेण्यास तीन कारणे आहेत. मुंबई–आग्रा महामार्ग ह्या शहराच्या मध्यातून जातो व कसारा घाटाची चढण चढून जिल्ह्यात प्रवेश करतो. दर बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो आणि लाखोंची गर्दी गोदावरीच्या अरुंद काठावर उतरते. शिवाय, हेल्मेटविषयीचा एक बहुचर्चित शासकीय प्रयोग ह्याच शहरात झाला. तेव्हा रस्ता, गर्दी व शरीररक्षण ह्या तिन्ही प्रकारची भाषा येथे एकत्र पाहावयास मिळते.

२

प्रथम 'अपघात' ह्या शब्दाचाच विचार केला पाहिजे. कारण ह्या क्षेत्रातील सर्व शासकीय परिभाषा त्याच्याभोवती रचलेली आहे. 'अपघातप्रवण क्षेत्र', 'अपघाती मृत्यू', 'अपघात विमा', 'अपघात प्रतिबंध' ही त्याची काही रूपे.

भारतीय भाषांनी ह्या एकाच घटनेला दिलेली नावे शेजारी शेजारी ठेवली असता एक मनोरंजक चित्र दिसते. हिंदी व बंगाली 'दुर्घटना' म्हणतात, म्हणजे वाईट रीतीने घडलेले काही. गुजराती 'अकस्मात' म्हणते. तेथे भर अनपेक्षितपणावर आहे. तमिळमधील 'विपत्तु' हा शब्द विपत्तीची जाणीव देतो. तेलुगूने 'प्रमादम्' हा शब्द घेतला. संस्कृतात प्रमाद म्हणजे अनवधान, हलगर्जी. तेलुगू भाषकाच्या मनात आज ही छटा जागी असेलच असे नाही. तथापि त्या भाषेने निवडलेल्या शब्दाच्या मुळाशी माणसाची चूक आहे, दैव नाही. मराठी व कन्नड ह्या शेजारच्या दोन भाषांनी 'अपघात' स्वीकारला. त्यात 'घात' आहे, म्हणजे आघात आहे, नाश आहे. पण तो कोणी केला ह्याविषयी शब्द मौन पाळतो.

ह्या मौनाचा अर्थ मराठीच्या शब्दव्यवस्थेत अधिक स्पष्ट होतो. मराठीत 'अपघात' हा शब्द 'घातपात' ह्या शब्दाच्या विरोधात उभा आहे. मृतदेह सापडला की 'घातपात की अपघात ?' असा प्रश्न वृत्तपत्रे विचारतात. घातपात म्हणजे कोणीतरी हेतुपूर्वक केलेला. अपघात म्हणजे हेतू नसलेला. ह्या द्वंद्वात तिसऱ्या गोष्टीला जागाच राहत नाही. जी घटना कोणी मुद्दाम घडविली नाही, परंतु जी टाळता आली असती व जी टाळणे कोणाचे तरी कर्तव्य होते, तिच्यासाठी मराठीत रूढ असे एकेरी नाम नाही. हेतू नाही असे ठरताच ती 'अपघात' ह्या कोठीत जाऊन पडते, आणि त्या कोठीत एकदा गेलेल्या घटनेविषयी पुढचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पोलीस ठाण्यातील 'अकस्मात मृत्यू' ही नोंदही ह्याच जातीची आहे. ती कायद्याच्या दृष्टीने केवळ चौकशीचा आरंभ असते. लोकव्यवहारात मात्र ती पुष्कळदा चौकशीचा शेवट ठरते.

रिकामी राहिलेली कर्त्याची जागा मग लोकभाषा आपल्या परीने भरते. 'भाविकांवर काळाचा घाला' हा मथळा मराठी वाचकास पाठ आहे. येथे कर्ता आहे, पण तो काळ आहे. वाचलेल्या माणसाविषयी 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असे म्हटले जाते. 'दैव बलवत्तर म्हणून' हेही त्याच विचारसरणीतले. हे सर्व अज्ञानाचे लक्षण आहे असे म्हणून चालणार नाही. शोक सहन करण्याचे ते साधन आहे. शिवाय 'अपमृत्यू' ह्या जुन्या कल्पनेत अकाली मरण निवारता येते, अशी श्रद्धा स्पष्टपणे अंतर्भूत आहे. निवारणाचा मार्ग तेथे पूजेचा व जपाचा आहे एवढेच. म्हणजे 'टाळता येणारे मरण' ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. तिला शासकीय परिभाषेत स्थान मिळाले नाही, हा खरा मुद्दा आहे.

अन्यत्र ह्या शब्दाविषयी असाच असंतोष व्यक्त झालेला आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या नियतकालिकाने २००१ मध्ये 'ॲक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांवर वापरू नये असे धोरण जाहीर केले. इजा बहुधा आधी ओळखता व टाळता येतात, असे त्यामागचे कारण होते. अर्थात केवळ शब्द बदलल्याने घटना बदलत नाही. परंतु नियतकालिकाची भूमिका शब्दनिष्ठ नव्हती. तिच्या मागे एक शास्त्र उभे होते. त्याचा परिचय पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

३

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षाविषयक राष्ट्रीय संस्थेचे पहिले प्रमुख, वैद्य व साथरोगतज्ज्ञ विल्यम हॅडन ह्यांनी १९७० च्या आसपास इजेची जी उपपत्ती मांडली, ती थोडक्यात अशी : शरीर सहन करू शकते त्याहून अधिक ऊर्जा शरीरात गेली म्हणजे इजा होते. ज्याप्रमाणे हिवताप परजीवीमुळे होतो व डास त्याचा वाहक असतो, त्याप्रमाणे इजेचे कारण ऊर्जा असून वाहन, यंत्र किंवा ज्वाला हे तिचे वाहक आहेत. म्हणून हॅडन ह्यांनी एक कोष्टक तयार केले. त्याच्या एका बाजूस माणूस, वाहक व परिसर, आणि दुसऱ्या बाजूस घटनेपूर्वी, घटनेच्या क्षणी व घटनेनंतर असे तीन टप्पे आहेत. अशी नऊ घरे तयार होतात, आणि प्रतिबंध नवांपैकी कोणत्याही घरातून करता येतो.

ह्या उपपत्तीतला महत्त्वाचा भेद 'घटना' आणि 'इजा' ह्यांमधला आहे. घटना घडली तरी इजा टाळता येते. रुग्णालयांच्या नोंदीत जागतिक आरोग्य संघटनेचे जे रोगवर्गीकरण वापरले जाते, त्यातही इजेचे स्वरूप व तिचे बाह्य कारण ह्यांना स्वतंत्र विभागांत संकेतांक दिलेले आहेत. शासकीय मराठीत मात्र हा भेद पुसला गेला आहे. 'इजा', 'दुखापत' व 'जखम' हे तिन्ही शब्द मराठीत नित्याचे आहेत, 'जबर दुखापत' हा शब्दप्रयोग तर कायद्याच्या मराठीत पक्का रुजलेला आहे. असे असता 'इजाप्रतिबंध' असा शब्द शासनाच्या फलकावर वा पत्रकात क्वचितच आढळेल. शासन प्रतिबंध करते तो अपघाताचा. ह्या एका अभावाचे परिणाम किती दूरवर जातात हे नाशिकमधील तीन प्रकरणांवरून दिसून येईल.

४

पहिले प्रकरण हेल्मेटचे. नाशिक शहर पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा उपक्रम सुरू केला. पुढे विनाहेल्मेट सापडलेल्या स्वारांना दंडाबरोबरच समुपदेशनासाठी बसविण्याचा मार्गही अवलंबिला गेला. ह्या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. ते विनंती नाही, उपदेशही नाही. ती एक अट आहे. 'देवीचा रोगी कळवा' ह्या वाक्याप्रमाणे तिच्यात कृती व फळ दोन्ही आहेत. 'हेल्मेट वापरा, सुरक्षित राहा' ह्या नेहमीच्या घोषणेपेक्षा भाषिक दृष्ट्या ती निश्चित सरस होती.

परंतु लोकांच्या तोंडी ती उतरली ती 'हेल्मेटसक्ती' ह्या सामासिक शब्दाच्या रूपाने. हा शब्द नाशिकचा नव्हे; पुण्यात तो त्याआधीपासून रुळलेला होता, आणि २०१९ च्या आरंभी तेथे अंमलबजावणी कडक झाली तेव्हा तो विरोधाच्या केंद्रस्थानी होता. समासातील उत्तरपद प्रधान असते हा तत्पुरुषाचा नियम येथे अर्थालाही लागू पडला. 'हेल्मेटसक्ती' म्हणताच चर्चा सक्तीची होते, डोक्याची होत नाही.

ह्या चर्चेत पुनःपुन्हा ऐकू येणारा एक युक्तिवाद असा : 'शहरात वेगच नाही, मी गाडी जपून चालवतो, मला हेल्मेट कशाला?' हा युक्तिवाद हट्टाचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो शासनानेच दिलेल्या परिभाषेतून अगदी तर्कशुद्धपणे निघतो. शासन म्हणते की हेल्मेट हा अपघात टाळण्याच्या मोहिमेचा भाग आहे. नागरिक म्हणतो की अपघात मी सावधपणाने टाळतोच. ह्या पातळीवर नागरिकाचे म्हणणे खोडता येत नाही. कारण हेल्मेट एकही अपघात टाळीत नाही. ते इजा टाळते. दुचाकीवरून पडणाऱ्या माणसाच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून निघालेला आहे. हॅडन ह्यांच्या कोष्टकात हेल्मेटचे घर घटनेच्या क्षणाचे आहे, घटनेपूर्वीचे नाही. चूक दुसऱ्याची असली, रस्त्यावर खडी असली, कुत्रे आडवे आले, तरी डोके वाचावे, हे त्याचे प्रयोजन. 'अपघात' व 'इजा' ह्यांतील भेद भाषेत राखला असता तर हे प्रयोजन एका वाक्यात सांगता आले असते. तो न राखल्यामुळे सावध माणसाला हेल्मेट हा स्वतःच्या सावधपणावरील अविश्वास वाटू लागला.

५

दुसरे प्रकरण रस्त्याचे. कसारा घाटात व अन्य ठिकाणी जे फलक दिसतात त्यांच्या वाक्यरचनेचे स्थूलमानाने तीन प्रकार होतात. 'वाहने सावकाश चालवा', 'उतारावर वाहन न्यूट्रल करू नका' ही आज्ञार्थी वाक्ये. त्यांचा कर्ता अध्याहृत 'तुम्ही'. 'येथे वाहने उभी करू नयेत' ही निषेधार्थी वाक्ये; 'नका' समोरच्या माणसाशी बोलते, तर 'नये' नियम सांगते. आणि 'अति घाई संकटात नेई' ह्यासारखी सुभाषितवजा यमकवाक्ये. त्यांत घाई हाच कर्ता होतो. तिन्ही प्रकारांचा रोख एकाच दिशेस आहे. वाहनचालक हा आज्ञेचा, निषेधाचा वा उपदेशाचा विषय आहे. नऊ घरांपैकी 'माणूस, घटनेपूर्वी' हे एकच घर ह्या फलकांनी भरून टाकले आहे.

ह्याउलट शासन स्वतःविषयी बोलते तेव्हा रचना पालटते. 'उपाययोजना करण्यात येत आहेत', 'गतिरोधक बसविण्यात येतील', 'चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत', 'दोषींवर कारवाई करण्यात येईल.' '-ण्यात येणे' ह्या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही, आणि शासकीय मराठीत तो सहसा सांगितलाही जात नाही. म्हणजे नागरिकाच्या कर्तव्याचे वाक्य सकर्तृक आणि शासनाच्या कर्तव्याचे वाक्य लुप्तकर्तृक, अशी विभागणी झाली आहे. एकेकटे वाक्य घेतले तर त्यात काही वावगे नाही. ही रचना मराठीत सिद्ध आहे व पुष्कळ ठिकाणी सोयीची आहे. परंतु सर्व वाक्ये एकत्र वाचली असता जबाबदारीचे एक निश्चित वाटप त्यांतून प्रकट होते.

'अपघातप्रवण क्षेत्र' ह्या फलकाकडे ह्या दृष्टीने पाहावे. 'प्रवण' म्हणजे एखाद्या बाजूस झुकलेले, कल असलेले. जणू त्या जमिनीचा स्वभावच तसा आहे, अशी ही शब्दयोजना. वस्तुतः केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी अशा स्थळाची व्याख्या आकड्यांत केलेली आहे : सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजा असलेले ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. ही अट पुरी झाली की त्या पट्ट्याची दुरुस्ती करणे हे रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेचे काम होते. म्हणजे हा फलक खरे पाहता एक कबुली आहे : येथे माणसे मेलेली आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि दुरुस्ती बाकी आहे. मराठीत रूपांतर होताना कबुलीचा इशारा झाला, आणि दुरुस्तीचे दायित्व सावधगिरीच्या रूपाने वाहनचालकाकडे गेले.

२८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात मेशी शिवारात एस. टी. बस व रिक्षा ह्यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली, आणि पंचवीसहून अधिक माणसे मरण पावली. ह्या घटनेत धडक हा एक भाग आहे व विहीर हा दुसरा. धडक कोणाच्या चुकीने झाली हा प्रश्न न्याय्य आहे. परंतु रस्ता व विहीर ह्यांच्यामध्ये त्या वाहनांना अडवील असे काही नव्हते हे घटनेनेच सिद्ध केले, आणि त्याविषयीचा प्रश्न 'अपघात' ह्या एका शब्दात विरघळून गेला. विहिरीला कठडा बांधणे हे कोणत्याही चालकाच्या सावधपणावर अवलंबून नाही. तसेच ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिक–औरंगाबाद मार्गावरील चौकात यवतमाळहून मुंबईकडे जाणारी खाजगी शयनबस मालवाहू वाहनास धडकून पेटली व किमान १२ प्रवासी दगावले. तेथेही चौकाची रचना, बसमधून बाहेर पडण्याच्या वाटा, आग पसरण्याचा वेग हे प्रश्न धडकेच्या प्रश्नाहून वेगळे आहेत व स्वतंत्रपणे विचारले गेले पाहिजेत.

ह्यावर असा आक्षेप येईल की शासकीय आकडेवारीच अतिवेगाला मुख्य कारण ठरविते. केंद्राच्या वार्षिक अहवालांत सुमारे सत्तर टक्के अपघात अतिवेगाच्या सदरात पडतात. तेव्हा चालकास उपदेश करण्यात गैर काय ? आक्षेप वजनदार आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे हॅडन ह्यांच्या उपपत्तीशीही सुसंगतच आहे. परंतु ह्या सदराचा उगम पाहिला पाहिजे. महाराष्ट्रातील फिर्यादीत 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगात' अशी शब्दावली ठरून गेलेली आहे. ती दंडसंहितेतील बेदरकारपणाच्या कलमाची गरज भागविते. कारण तसे शब्द नसतील तर गुन्हाच उभा राहत नाही. न्यायालयासाठी घडविलेले सूत्र मग आकडेवारीत कारण म्हणून शिरते, आकडेवारीतून धोरणात जाते, आणि धोरणातून घोषवाक्य होऊन फलकावर परत येते. ह्या सूत्रातील 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' हे पद विशेष बोलके आहे. रस्त्याची परिस्थिती वाईट होती, हे त्यात गृहीत धरलेले आहे; दोष मात्र दुर्लक्ष करणाऱ्याचा.

ह्या स्थितीत बदल होत आहे हेही नमूद केले पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले, आणि सुरक्षेची मानके न पाळणाऱ्या रस्ते यंत्रणेस वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. अपघातांच्या एकात्मिक संगणकीय नोंदपद्धतीत रस्ता व वाहन ह्यांची माहितीही टिपली जाऊ लागली. कायदा व नोंदवही ह्यांनी नऊ घरांकडे पाहण्यास आरंभ केला आहे. फलक मात्र अजून पहिल्याच घरात उभा आहे.

६

तिसरे प्रकरण गर्दीचे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी, काळाराम मंदिराच्या परिसरातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ भाविक मरण पावले. ह्या घटनेला 'चेंगराचेंगरी' म्हटले गेले. तोच शब्द वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी घडलेल्या अनर्थासही लागला.

'चेंगराचेंगरी' ही मराठीतील परस्परक्रियावाचक द्विरुक्ती आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी ह्या तिच्या बहिणी. ह्या घडणीत क्रिया करणारे व सोसणारे एकच असतात : मारामारीत सर्व मारतात व सर्व मार खातात. म्हणून 'चेंगराचेंगरी' म्हणताच लोकांनी एकमेकांना चेंगरले, असा अर्थ शब्दाच्या घडणीतूनच येतो. हिंदी 'भगदड' ह्या शब्दात पळणे आहे, इंग्रजी 'स्टॅम्पीड' ह्या शब्दात उधळलेली जनावरे आहेत. मराठी शब्दात पळापळ नाही, हे त्याचे श्रेय. पण दोष त्यानेही गर्दीवरच ठेवला आहे.

गर्दीच्या शास्त्राचे म्हणणे ह्याहून भिन्न आहे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे दाटली की व्यक्तीची हालचाल तिच्या इच्छेवर राहत नाही. समूह द्रवासारखा वागू लागतो व दाबाच्या लाटा त्यातून जातात. बहुतेक मृत्यू पायाखाली तुडविले जाऊन होत नाहीत. छाती दाबली जाऊन, उभ्या-उभ्याच श्वास कोंडून होतात. मागच्या माणसास पुढचे दिसत नसते. अशा ठिकाणी 'शिस्त पाळा, ढकलाढकली करू नका' ही सूचना निरर्थक होते. कारण ती अशा माणसास उद्देशून आहे, ज्याच्या हाती काहीच उरलेले नाही. साधूंनी उधळलेली नाणी उचलण्यासाठी लोक वाकले, असे २००३ च्या घटनेचे कारण त्या वेळी सांगितले गेले. ते खरे धरले तरी, दहा जण वाकल्याने माणसे मरावीत इतकी दाटी त्या वाटेवर का झाली, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ह्या प्रश्नाचे उत्तर शासनाने पुढे भाषेने दिले नाही, कृतीने दिले. रमणी आयोगाची चौकशी झाली. २०१५ च्या सिंहस्थासाठी शाही मार्गाचा फेरविचार झाला, नवे घाट बांधले गेले, वाहनतळ शहराबाहेर नेले गेले. २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या शाही स्नानास अडथळे इतके दूरवर लावले होते की भाविकांना कित्येक किलोमीटर चालावे लागल्याची तक्रार झाली, आणि पुढील स्नानास ते काहीसे सैल करण्यात आले. परंतु तो सिंहस्थ मोठ्या जीवितहानीविना पार पडला. येथे प्रतिबंध परिसराच्या घरातून झाला. भाविक २००३ पेक्षा २०१५ मध्ये अधिक शिस्तशीर झाले होते, असे मानण्यास काही आधार नाही. वाट बदलली होती.

ह्यावरून असे दिसते की शासनाची कृती पुष्कळदा त्याच्या भाषेपेक्षा पुढे असते. २०१४ पासून महाराष्ट्रात चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 'घटनेनंतर' ह्या घरातील मोठे कार्य आहे. महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये महामार्गालगतच्या ढाबेवाल्यांना, ग्रामस्थांना प्रथमोपचार शिकवून जखमींच्या मदतीस उभे केले, हेही त्याच घरातले. त्या योजनेस मात्र 'मृत्युंजय दूत' असे नाव देण्यात आले. नावाचा गौरव चांगला; पण रक्तस्राव थांबविणे, मान न हलविता उचलणे ही शिकण्याजोगी साधी कामे आहेत, हा तिचा खरा आशय ह्या नावाने झाकला जातो. मृत्यूला जिंकण्यास देव लागतो. जखम घट्ट बांधण्यास शेजारी पुरतो.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष शासनाच्या हेतूविषयी नाही. फलक लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जागा थोडी असते, नमुना ठरलेला असतो आणि वेळ कमी असतो. 'अपघात' हा शब्दही लोकव्यवहारातून काढून टाकावा असे कोणी म्हणणार नाही. तो तेथे राहील व राहावा. प्रश्न परिभाषेचा आहे, आणि महाराष्ट्राने परिभाषेचे काम केलेले आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन करून राज्यकारभाराची मराठी घडविण्याचा उद्योग ह्या राज्याने हाती घेतला, तेव्हा मुख्य चिंता इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द मिळण्याची होती. आजची चिंता निराळी आहे : मिळालेल्या मराठी शब्दांनी कोणता भेद दाखविला व कोणता पुसला, हे पाहण्याची.

ह्या दृष्टीने तीन सूचना करता येतात. 'इजाप्रतिबंध' हा शब्द 'अपघात प्रतिबंध' ह्याच्या शेजारी स्वतंत्र अर्थाने वापरात यावा, म्हणजे हेल्मेट, कठडा व आसनपट्टा ह्यांचे प्रयोजन सांगता येईल. घटनेचे वर्णन करताना 'धडक', 'दाटी', 'दाब', 'कोसळणे' असे घडलेल्या क्रियेचे नेमके शब्द वापरले जावेत. हे सर्व शब्द मराठीच आहेत व कोणासही कळतात. तिसरी सूचना वाक्यरचनेची. ज्या पट्ट्यास शासन अपघातप्रवण ठरविते, तेथील फलकावर 'सावकाश चालवा' ह्याच्या जोडीस आणखी दोन ओळी याव्यात : ह्या ५०० मीटरमध्ये तीन वर्षांत किती माणसे मेली, आणि दुरुस्ती कोणत्या विभागाने कोणत्या तारखेपर्यंत करावयाची आहे. पहिली ओळ चालकास यमकापेक्षा अधिक सावध करील. दुसऱ्या ओळीस कर्ता असेल.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे हजारो फलक लिहिले जाण्याचे काम आहे, आणि त्यांचे वाचक केवळ मराठी भाषक नसतील. त्या फलकांची भाषा ठरविताना पोलीस, अभियंता व वैद्य ह्यांच्या बैठकीत भाषेचा एखादा अभ्यासकही बसावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. गर्दीतील माणसाला 'ढकलू नका' असे सांगावयाचे, की 'पुढची वाट भरली आहे, येथेच थांबा, डावीकडे मोकळी वाट आहे' असे सांगावयाचे, ह्या दोन वाक्यांतील अंतर शैलीचे नाही. दुसरे वाक्य लिहिता येण्यासाठी डावीकडे खरोखरच मोकळी वाट ठेवावी लागते.